सहाव्या स्थानकावरचा क्रूस

१

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला टाचणी फादरांचा उसवलेला जांभळा झगा शिवून घेऊन आली, तेव्हा चर्चचं बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती पायरीवरच थबकली. चाळीस वर्षं या चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा तिचा बाप बारा ते चार या वेळात स्वर्गातून दूत आला तरी त्याला पायरीवर बसवून ठेवील, असं लोक म्हणत, आणि त्यात फार खोटं नव्हतं. बाबा दार उघडं टाकणाऱ्यातले नव्हते.

टाचणी हे काही तिचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हे. फादरांचे झगे आणि वेदीवरची कापडं शिवताना तोंडात टाचण्या धरायची तिची सवय, म्हणून गावानं ते ठेवलं होतं. स्वभावही तसाच होता. बारीक, सरळ, आणि कुणी दाबलं की टोचणारा.

आत पाऊल टाकलं आणि तिच्या हातातला झगा खाली पडला.

दोनशे वर्षांचं जुनं चर्च. हातभर जाड भिंती, उंचावर लहान खिडक्या, होडी पालथी घातल्यासारखं लाकडी छत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सात-सात चित्रं, येशूच्या शेवटच्या प्रवासाची, म्हणजे क्रुसाच्या वाटेची, चौदा स्थानकं. त्यातल्या सहाव्या स्थानकाखाली शिडी उभी होती आणि शिडीच्या पायाशी बाबा पालथे पडले होते. डोकं खांबाच्या दगडी पायरीला लागलं होतं. रक्त फार नव्हतं, पण होतं.

"बाबा!" तिची हाक छताला आपटून तिच्याच अंगावर आली. तिनं नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. सकाळी तिनं बांधून दिलेल्या बुटाच्या नाड्या तशाच घट्ट होत्या. बाबांचे हात कापायला लागल्यापासून, दोन वर्षं झाली, हे काम तिचंच होतं. का कोण जाणे, त्या नाड्या बघून तिला रडू फुटलं.

मग तिनं वर पाहिलं. सहावं चित्र नव्हतं. पडलेल्या येशूचा चेहरा रुमालानं पुसणारी वेरोनिका गेली होती आणि भिंतीवर तेवढा फिकट चौकोन उरला होता. चौकोनाच्या वर, आपल्या खिळ्यावर, बोटभर लांबीचा लाकडी क्रूस नीट टांगलेला होता.

तो क्रूस बघून टाचणीची पाचावर धारण बसली.

याचं कारण सांगायला हवं. क्रुसाच्या वाटेत चित्र ही नुसती शोभा असते. आशीर्वाद दिलेला असतो तो चित्रावरच्या लहान लाकडी क्रुसाला. चित्र नसलं तरी स्थानक राहतं, क्रूस नसेल तर भिंत नुसती भिंत. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. चित्रं स्वच्छ करायला शहरातून आलेल्या तरुणालाही नव्हतं. या चित्रवाल्यानं गेल्या आठवड्यात पहिली पाच चित्रं उतरवली. चौकट अडकवायचा आकडा क्रुसामागे असल्यामुळे आधी क्रूस काढावे लागत, ते त्यानं बुटांच्या खोक्यात टाकले. बाबा असे भडकले, की छतावरची पाखरं उडाली. "ही काय शर्टाची बटणं आहेत?" म्हणत स्वतः शिडी चढून त्यांनी पाचही क्रूस रिकाम्या भिंतीवर जागच्या जागी टांगले होते.

मग हा सहावा कुणी टांगला? चित्र कुठंतरी ठेवून आल्यावर पुन्हा शिडी चढून क्रूस जागेवर लावणारा चोर या गावात कोण? टाचणीच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, आणि तो तिच्या पायाशी पडला होता.

ती शिडी चढली. क्रूस ओढून काढला, न बघताच पिशवीच्या तळाशी कोंबला, खाली उतरली आणि मग गावभर ऐकू जाईल अशी किंचाळली.

२

इन्स्पेक्टर बाई या धर्माच्या नव्हत्या, त्यामुळे प्रश्न थेट विचारत.

"वर एक खिळा रिकामा आहे. त्यावर काय होतं?"

"लाकडाचा लहान क्रूस," फादर म्हणाले. फादर नवीन होते, मवाळ होते आणि मोठ्यानं बोलायला घाबरत. "पण तो कुणी कशाला नेईल?"

"तुम्ही आलात तेव्हा होता का?" बाईंनी टाचणीकडे वळून विचारलं.

"नव्हता." एकच शब्द.

"म्हणजे ज्याला क्रुसाची किंमत नाही, अशा माणसाचं काम." बाईंनी वही मिटली. "ही रिकाम्या खिळ्याची गोष्ट आपल्या तिघांत ठेवायची. बाहेर कान खूप आहेत. चौकशी होईपर्यंत चर्च बंद."

बाजूच्या दाराच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. बाबा, फादर, चित्रवाला आणि गायकवृंदाचे मास्तर. बाबा इस्पितळात बेशुद्ध. फादर दुपारभर एका मरणाऱ्या बाईच्या उशाशी, आणि साक्षीला तिचे सात जावई. चित्रवाला म्हणे भाड्याच्या खोलीत झोपला होता, साक्षीला फक्त उशी.

"मी कशाला चोरीन?" तो पोरगा रडकुंडीला आला होता. "बुधवारी मीच ते उतरवणार होतो. रविवारी चहाला सगळ्यांना सांगितलंसुद्धा. वेरोनिकाच्या रुमालाच्या काठावरची काजळी थोडी पुसली, तर खाली एक अक्षर निघालं. सही असणार. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हती!"

टाचणीला तो रविवार आठवला. पोरगा आनंदानं नाचायचाच बाकी होता. बाबा हसले होते. मास्तरांना नेमका तेव्हाच खोकल्याचा उमाळा आला आणि ते चहा टाकून घरी गेले होते.

"शिडी तुझी, किल्ली तुझ्याकडे, चित्राची पारख गावात तुला एकट्याला," बाई म्हणाल्या. "आणि क्रूस बटणांसारखे खोक्यात टाकणाराही तूच. चल."

जीपमध्ये चढताना त्यानं टाचणीकडे बघितलं. "ताई, तुम्ही तरी सांगा. बाबा मला रोज आपल्या डब्यातलं द्यायचे हो."

पिशवीतला क्रूस दाखवला, की हा पोरगा सुटत होता आणि बाबा अडकत होते. शुद्धीवर येणारा बाप थेट चोर म्हणून उठणार होता. चाळीस वर्षं ज्याच्या किल्ल्यांवर गाव डोळे मिटून झोपलं, तो. टाचणीनं पिशवी काखेत आणखी घट्ट दाबली. तिला स्वतःची लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त वाटली.

संध्याकाळी बाई मास्तरांकडे निघाल्या तेव्हा घर दाखवायला तीच सोबत गेली. मास्तर तिचे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारे, पाटीवर अक्षरं गिरवून घेणारे. बाबांचे तर लंगोटीयार. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरसाचं भांडं, दाभण, दोऱ्याची रिळं, उसवलेली जुनी नोंदवही. चर्चची जीर्ण पुस्तकं बांधायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. ते शाल गुंडाळून खोकत बसले होते.

"रविवारपासून उंबरा ओलांडला नाही," ते म्हणाले. "निरोप आला तेव्हा कळलं. माझ्या मित्राला... आणि माझ्या पणजोबांचं चित्र!"

"पणजोबांचं?"

"चौदाही चित्रं त्यांनीच काढली. मी पुस्तक लिहिलंय या चर्चवर." एक प्रत त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. "छत कुणी बांधलं, घंटा कधी आली, सगळं आहे. आमच्या घराण्याचं तेवढंच पुण्य."

निघताना त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुझे डोळे बघ कसे झालेत. उद्या संध्याकाळी फादर तुझ्या बाबांसाठी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना ठेवतायत ना? खोकला गेला खड्ड्यात, मी येऊन सांगतो ती. मग इस्पितळात मी बसेन त्याच्याजवळ. तू घरी जाऊन नीज."

टाचणीला भरून आलं. या दिवसात मायेनं बोललेलं ते पहिलंच माणूस. तिनं तिथल्या तिथे इस्पितळाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, 'यांना आत सोडावे.'

३

बुधवारी संध्याकाळी पाचला चर्च पहिल्यांदा उघडलं. गाव लोटलं होतं. मास्तर पुढे, हातात पुस्तक, मागे लोक. एकेका स्थानकाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, पुढे सरकायचं. पहिल्या पाच ठिकाणी चित्रं नव्हती, पण क्रूस होते. टाचणी खांबाआड चालत होती. प्रत्येक पावलाला तो सहावा रिकामा खिळा जवळ येत होता.

सहाव्यापाशी बायका फिकट चौकोनाकडे बघून मुसमुसायला लागल्या. मास्तरांनी पुस्तकातून मान वर न काढता हात उंचावला. गहिवरलेल्या, शिकवण्याच्या आवाजात ते म्हणाले, "रडू नका. चोरानं चित्र नेलं, स्थानक नाही नेलं. तो वर क्रूस जागेवर आहे, त्याच्याकडे बघा आणि गुडघे टेका."

सगळ्यांनी वर पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं.

खिळा रिकामा होता.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. पुस्तक हातातून सुटून फरशीवर पडलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरलं नाही. कुणीतरी पुस्तक उचलून दिलं आणि प्रार्थना पुढे सरकली.

टाचणी सरकली नाही. 'जागेवर आहे' म्हणाले. रविवारनंतर चर्चमध्ये पाऊल न टाकलेला माणूस म्हणाला.

ती बाजूच्या खोलीत गेली, दाराला पाठ लावली आणि काल न बघता कोंबलेला क्रूस आज पहिल्यांदा बाहेर काढला. त्याची टांगायची जुनी सुतळी तुटली होती. सुतळीचे दोन तुकडे नव्या दोऱ्यानं जोडले होते. दोऱ्यावर मेण होतं. काल अंगठ्याला ते मेण लागलं तेव्हा तिला वाटलं होतं, बाबांच्या मेणबत्तीचं. पण दोरा तिनं काल पाहिलाच नव्हता. तीन पदरी, जाड, पिळाचा. हा कापड शिवायचा दोरा नव्हे. हा पुस्तकाची पानं शिवायचा. आणि गाठ! तांदळाच्या दाण्याएवढी, दोनदा वळवलेली, टोकं कापलेली सुरेख गाठ.

बाबांच्या बुटाच्या नाड्या दोन वर्षं ती बांधत होती.

तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. दोऱ्यावर पोट भरणारी बाई, आणि बापाला वाचवायच्या भीतीनं दोऱ्याकडेच बघितलं नाही! ती धावत बाहेर आली. चौदावं स्थानक आटोपलं होतं आणि लोक पांगत होते.

"मास्तर कुठे आहेत?"

"गेले की मघाशीच," फादर म्हणाले. "इस्पितळात. म्हणाले, तुझी चिठ्ठी आहे."

४

इन्स्पेक्टर बाई फाटकापाशी जीपला टेकून उभ्या होत्या. टाचणीनं क्रूस त्यांच्या हातात कोंबला आणि धापा टाकत म्हणाली, "हा तिथंच होता. मी लपवला. मी खोटं बोलले. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी इस्पितळात चला. बाबांना मारतील ते!"

बाईंनी आधी गाडी सुरू करायला लावली, राग नंतरसाठी ठेवला. "एक एक सांगा. का लपवलात?"

"क्रूस परत टांगणारा माणूस आमच्यातलाच असतो. मला वाटलं, बाबा."

"आणि आता मास्तर का? सवयीनं बोलले असतील. चित्र नसलं तरी क्रूस असायचाच, असं धरून."

"चौकट काढायची तर आधी क्रूस काढावा लागतो, हे मास्तरांना ठाऊक आहे. चोर तो परत लावून गेला, हे कुणाला माहीत? मी आणि चोर. तुम्ही आणि फादरांनी तर रिकामा खिळाच बघितला. आणि हा दोरा बघा."

"सुतावरून स्वर्ग गाठताय."

"सूतच ओळखते मी, बाई! दुसरं काही येत नाही मला. हा पुस्तकं बांधायचा दोरा आहे. काल त्यांच्या खोलीत रीळ होतं, तुमच्याच पायाशी. ही गाठ बाबांच्या हातून जन्मात बसणार नाही, आणि चित्रवाला बिचारा क्रूस खोक्यात टाकणारा, तो कशाला गाठ मारत बसेल?"

बाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि जीपनं वेग घेतला. रस्त्यात एक हातगाडी आडवी आली. तेवढ्या वेळात टाचणीनं बापाला तीनदा मरताना पाहिलं.

इस्पितळाचा जिना तिनं कसा चढला, तिला नंतर आठवेना. वॉर्डच्या टोकाला बाबांची खाट. भोवतीचा हिरवा पडदा पूर्ण ओढलेला होता. दुपारी नव्हता. पडद्याखालून मास्तरांच्या वहाणा दिसत होत्या, खाटेला अगदी चिकटून. आत काही हालचाल नव्हती.

तिनं पडदा ओरबाडला.

मास्तर स्टुलावर बसले होते. बाबांच्या डोक्याखालची उशी त्यांच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात उशीवर होते. बाबांची छाती वर-खाली होत होती.

"एकदा उचलली," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "मग नाही उचलवली. पोरी, घे ही. माझ्या हातात ठेवू नकोस."

टाचणीनं उशी घेतली आणि बाबांच्या डोक्याखाली सारली.

मास्तरांनी सगळं आपणहून सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या मनात तीन दिवस भर दुपारचं ऊन होतं. रविवारी चित्रवाल्यानं अक्षर दाखवलं, ते पणजोबांच्या नावातलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं होतं. मग पुस्तक खोटं, घराणं खोटं, चाळीस वर्षं पोरांना सांगितलेलं खोटं. बुधवारी चित्र उतरलं की गाव हसणार. म्हणून मंगळवारी दुपारी त्यांनी ते उतरवलं. क्रूस काढताना सुतळी तुटली. चित्र खाली ठेवून ते दाराकडे निघालेसुद्धा होते.

"पण क्रूस तसाच बाकावर टाकून पाय निघेना," ते म्हणाले. "खिशात दोरा होता. गाठ मारली, पुन्हा शिडी चढलो. उतरलो तर हा समोर. चौकट धरली यानं. मी ओढली. हा मागे गेला."

"क्रूस टाकून गेला असतात, तर भेटच झाली नसती," इन्स्पेक्टर बाई हळूच म्हणाल्या.

"टाकून कसा जाणार?" मास्तरांनी नवलानं विचारलं.

५

चित्र मास्तरांच्या घरी पुस्तकांच्या कपाटामागे निघालं, भिंतीकडे तोंड करून. ओरखडासुद्धा नव्हता. कोठडीतून सुटलेल्या चित्रवाल्यानं दुसऱ्याच दिवशी कापूस हातात घेतला. शुक्रवारी सकाळी रुमालाचा सगळा काठ स्वच्छ झाला. नाव एका बाईचं होतं. फादरांनी लग्नाची जुनी नोंदवही काढली. मास्तरांच्या खोलीत उसवून पडली होती, तीच. त्यात ते नाव सापडलं.

ती मास्तरांची पणजी होती.

चित्रं घराण्यातलीच होती. फक्त काढणारा हात नवऱ्याचा नव्हता, बायकोचा होता. मास्तर एका अक्षराला घाबरले, पुढची वाचायला थांबले नाहीत. इन्स्पेक्टर बाईंनी कोठडीत जाऊन त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी ते नाव पुन्हा एकदा विचारलं आणि मग जेवणाचं ताट बाजूला सारलं.

शुक्रवारीच दुपारी बाबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न किल्ल्यांचा, दुसरा मास्तरांचा. "त्यानं मुद्दाम नाही ढकललं," ते म्हणाले, "मीही काही कमी ओढली नव्हती." उशीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. टाचणीनंही नाही. पण आपली गोष्ट तिनं सांगितली. क्रूस, पिशवी, खोटं, कोठडी, सगळं. मान खाली घालून, एका दमात.

बाबांनी मान तिच्याकडे वळवली.

"तो पोरगा किती वेळ आत होता?"

"सव्वा दिवस."

"आणि मी चोर किती वेळ होतो?"

"तेवढाच, बाबा."

"हं." त्यांचा कापणारा हात चादरीवर पुढे आला आणि मध्येच थांबला. "बाहेर व्हरांड्यात बसलाय ना तो? आधी त्याची माफी माग जा. माझा नंबर त्याच्यानंतर."

ती उठली, पदरानं तोंड पुसलं. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"आणि लवकर ये गं. मीही थांबलोय."